ठेवणीतल्या माउसची साक्ष

मी माउस बोलतोय. कॉम्प्युटरचा. काठी शोधायला उठू नका, बसा. आणि वस्तूनं मेलं कशाला बोलायचं असं ज्याला वाटत असेल, त्यानं खुशाल उठून जावं आणि भाताखालचा जाळ बघावा. मी सहा वर्षं एका पेटीत तोंड मिटून पडलो होतो. आता कुणी गप्प बस म्हटलं तर बसणाऱ्यातला मी नाही.

आधी माझं रूप सांगतो. पुढं जे रामायण झालं ते सगळं त्या रूपापायीच झालं.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मी साच्यातून पडलो तेव्हा साधं राखाडी प्लास्टिक होतो. तसंच सोडलं असतं तर काय बिघडत होतं? पण नाही. माझ्यावर काळ्या रबराचा पातळ थर फवारला. बोट फिरवलं तर पिकल्या जांभळाची साल वाटावी इतका मऊ. त्या काळी भारी मालाची ती खूण होती. माझ्या शेजारच्या फळीवर नुसत्या प्लास्टिकचे माउस असायचे, त्यांच्याकडे मी बघतसुद्धा नसे. म्हणायचो, ही उघडी-नागडी पोरं, आणि मी बघा, मखमलीचा अंगरखा घालून जन्माला आलो. तो अंगरखाच एक दिवस मला नासवणार आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

दोन हजार तीन साली कल्याणच्या एका संस्थेनं चार कॉम्प्युटर आणि आम्ही पाच मखमली माउस वाघळपाड्याच्या महिला मंडळाला दिले. वाघळपाडा म्हणजे शहापूर तालुक्यात, खर्डी स्टेशनावर उतरून रिक्षानं आत गेलं की लागतो तो. मंडळाची अध्यक्ष ताराबाई. तिची थोडी भातशेती, एक म्हैस, आणि जीभ अशी की म्हैससुद्धा तिच्या हाकेला मान खाली घालायची. मंडळाच्या बायका बरोबर घेऊन तिनं गावाभोवतीच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या होत्या. ओढ्यापलीकडच्या राघोची तर पुन्हा पुन्हा. तो मडकं मांडायचा, ही फोडायची.

कॉम्प्युटरचा वर्ग ताराबाईच्या पडवीत भरला. शिकवायला तिची सून नम्रता. ती आसनगावची, बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली. नवरा चंदर खर्डीला रिक्षा चालवायचा. नम्रतानं चार कॉम्प्युटरना चार माउस जोडले. पाचवा मी उरलो.

"याला जास्तीचा म्हणून टेबलावरच ठेवूया, आई," नम्रता म्हणाली.

ताराबाईनं मला उचललं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "नको गो. हा चांगला हाय. कोन मोठा मानूस आला तं काढू."

झालं. माझं नशीब त्या अंगठ्यानं लिहिलं.

तुमच्यात ही चाल आहे की नाही, सांगा. चांगली वस्तू दिसली की ती ठेवणीत जाते. कपबशांचा सेट पाहुण्यांसाठी, आणि पाहुणा आला तर, "हा काय तेवडा मोठा नाय," म्हणून स्टीलचा पेला पुढं. टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक रिमोट बंद पडेपर्यंत काढत नाहीत. मला माझ्या खोक्यातल्या पिशवीत घातलं, वरून आणखी एक पिशवी, मग जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवलं. वर मूठभर डांबरगोळ्या. पेटीला कुलूप, चावी ताराबाईच्या कमरेला. दर दसऱ्याला बाहेरून पेटीला हळदकुंकू लागायचं. पेटीच्या पत्र्याला देवपण आलं, आतला मी तसाच.

पेटी पडवीच्या भिंतीला लागून होती, म्हणून वर्ग मला कानानं घडला. बायका आधी घाबरत. मग भांडायला लागल्या, म्हणजे शिकायला लागल्या.

त्यांत गंगी होती, टेकडीवरच्या ठाकरवाडीतली. रानातून बिब्बे गोळा करून विकायची. बिब्ब्याचा काळा डाग हातावर पडला की साबणानं जात नाही, राखेनं जात नाही, कातडी जुनी होऊन निघेल तेव्हाच निघतो. गंगीची बोटं त्यानं कायमची काळी झालेली. तिला अक्षरं गिरवण्यात रस नव्हता. तिला पडद्यावरची चित्रं काढायची पाटी सापडली, आणि ती तिथंच बसली.

"ह्या उंदराला मी हिकडं नेतंय, तं त्यो तिकडं जातंय," ती म्हणायची.

"तू त्याला दाबून धरतेस, गंगे. सैल धर."

"सैल धरला तं पलून जायचा ना."

पण महिन्याभरात तिनं करवंदीची अख्खी जाळी काढली. काटे, पानं, काळी करवंदं, सगळं. मंडळाच्या लोणच्याच्या बरणीवर तेच चित्र छापून लागायला लागलं, आणि खर्डी स्टेशनाबाहेर लोक बरणी हातात घेऊन आधी चित्र बघायचे, मग भाव विचारायचे. मी पेटीतून हे ऐकायचो आणि जळायचो. त्या हाताखाली दुसराच माउस होता.

किती पावसाळे गेले ते मी मोजले नाहीत, पेटीत कोण मोजतंय. एका पावसाळ्यात मात्र मला अंग ओलसर लागायला लागलं. वाटलं, पत्रा गळतोय. पत्रा गळत नव्हता. माझी मखमल सुटत होती. ज्या रबरावर मी एवढा मिरवलो ते आतल्या आत विरघळून काकवीसारखं झालं होतं. पावसाची दमट हवा, उन्हाळ्यात तापलेला पत्रा, त्यात डांबरगोळ्यांचा वास कोंडलेला. काहीही न करता, कुणाच्याही हाताखाली न जाता मी नासत होतो. पिशवी पाठीला चिकटून बसली. ओरडावंसं वाटलं, पण ऐकणार कोण? डांबरगोळ्या?

त्याच सुमारास भिंतीपलीकडं कुरबुर सुरू झाली.

"कोन गो गूळ खाऊन बसली ह्याच्यावर?"

"मी नाय. तूच पापडाचा पीठ मलून आलीस."

नम्रतानं नियम केला, साबणानं हात धुतल्याशिवाय कुणी बसायचं नाही. बायका धुवायला लागल्या. माउस चिकटच. दोनदा धुवायला लागल्या. चिकटच. शेवटी एकमेकींचे हात उलटेपालटे करून बघायला लागल्या, आणि ज्या बायका हसत यायच्या त्या हात पदरात घेऊन यायला लागल्या. नम्रताला ते दिसत होतं. ती फडक्यानं पुसायची. फडक्याचे धागे चिकटून माउसला केस आल्यासारखे दिसायचे.

भात कापून झालं होतं तेव्हा संस्थेचा माणूस तपासणीला आला. कमळाकर सर. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, बोलणं गोड. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. घाईत होता, आणि घाईत असलेला माणूस जे दिसतं त्यालाच खरं धरतो.

त्यांनी पहिल्या माउसवर हात ठेवला. उचलला तर माउस तळव्याला चिकटून वर आला.

"ताराबाई, यावर जेवता का काय तुम्ही?"

"जेवायला ताटं हायत आमच्याकं," ताराबाई म्हणाली.

त्यांनी दुसरा बघितला, तिसरा, चौथा. मग सगळ्या बायकांकडे बघितलं आणि नजर गंगीच्या बोटांवर येऊन थांबली. "हात धुण्याची सवय आधी लावायला हवी होती," ते म्हणाले. "तो दोष तुमचा नाही म्हणा, पण वस्तूंचं वाटोळं होतंय ना. मुरबाडकडच्या एका मंडळानं कॉम्प्युटर मागितलेत. तिकडे देऊन टाकतो. सोमवारी टेम्पो पाठवतो."

गंगीनं हात मागं घेतले नाहीत. टेबलावर तसेच ठेवले आणि म्हणाली, "माजे हात काले हायत, सायेब. चिकाट नायत."

सर पिशवीची चेन लावत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

तेव्हा ताराबाई उठली. "थांबा. आमी वस्तू कशी ठेवतो ती बगून जा. मंग टेम्पो पाठवा, नायतं इमान पाठवा."

कुलूप उघडल्याचा आवाज झाला आणि सहा वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला. ताराबाईनं मला पडवीत आणलं ते पूजेचं तबक आणावं तसं, दोन्ही हातांवर. धडपा सोडला. वरची पिशवी काढली. आतली पिशवी ओढली आणि ती येईना. जोर केला तर गुळाच्या पाकासारखी तार धरत निघाली, आणि ताराबाईची दोन बोटं माझ्या पाठीत रुतली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिनं देव्हाऱ्यासारखं मला सांभाळलं, तिची मान मी चारचौघींत खाली घालवली.

"हीच का ठेवण?" कमळाकर सर म्हणाले.

ताराबाईनं बोटं पदराला पुसली, तर पदरच बोटांना चिकटला. नम्रता सासूच्या बोटांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग गंगीच्या हातांकडे.

"आई," ती म्हणाली, "याला आजवर कुणाकुणाचा हात लागला?"

"कुनाचा लागंल गो? ठेवला तवा माजा. त्याच्यावर आता."

"चंदरनं काढला होता कधी?"

"त्याला पेटीला हात लावायची टाप हाय का?"

"गंगीनं?"

"गंगीनं पेटी तरी बगितली हाय का आमची?"

नम्रतानं मला उचललं आणि सरांच्या समोर धरलं. तिच्या बोटांना मी लोंबलो. "सर, पाचांत सगळ्यात चिकट हा आहे. याला कुणाचा हात लागलेलाच नाही. मग ही घाण कुणाच्या हाताची?"

सरांनी माझ्या पाठीला बोट लावून बघितलं. एक बाई मागून हळूच म्हणाली, "आगं बया." दुसरीनं पदरातले हात बाहेर काढले. मग तिसरीनं.

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या कामी आलो होतो, तेही नासून. पण साक्षीदार म्हणून उभा होतो, आणि माझ्यासारखा खरा साक्षीदार अख्ख्या तालुक्यात दुसरा नव्हता. मला पढवायला कुणी भेटलंच नव्हतं.

सरांनी कपाळावरून हात फिरवला. "असेल," ते म्हणाले. "वरचं रबरच खराब होत असेल. पण कारण काही असो, चिकट ते चिकट. संस्थेतल्या मोठ्या लोकांना मी काय दाखवू? सोमवारपर्यंत साफ झाले तर ठेवा. नाही तर टेम्पो आहेच." आणि निघाले.

गंगी पायरीवर जाऊन उभी राहिली. "नमताबाय, मी आता ह्याला हात लावायची नाय."

"अगं, तुझा दोष नाही हे सिद्ध झालं ना?"

"तुमच्यात झाला. त्यो माज्या हाताकं बगून बोल्ला. त्याच्या तोंडाना ऐकंन, मंगच लावीन." आणि ती टेकडीकडे चालायला लागली. करवंदीच्या जाळीचं नवं चित्र अर्धंच राहिलं.

आता माझे हाल ऐका.

ताराबाईचं म्हणणं, हा फणसाचा चीक आहे. "चिकाला काय लावतात? त्याल." आयुष्यभर तिनं फणस फोडले होते. तिनं मला खोबरेल चोपडलं. चीक सैल झाला, आणि मी असा बुळबुळीत झालो की तिच्या हातून सटकून चुलीपाशी जाऊन पडलो. मग राख. राखेनं घासलं तेव्हा वरचा थर थोडा निघाला, पण बाकीचा तेलात कालवून काळा लगदा झाला आणि बटणांच्या फटीत गेला. मी माउस होतो, आता काळ्या तिळाचा लाडू दिसत होतो.

संध्याकाळी चंदर आला. "थांब आई, माज्याकं रिक्षा रंगवल्याचं थिनर हाय. एका मिनटात."

त्यानं माझ्या पोटाला बोळा लावला. रबर गेलं, आणि त्याखालचं प्लास्टिकही पांढरं पडून फुगलं. असा चटका मला जन्मात बसला नव्हता.

"झाला का साफ?" ताराबाईनं विचारलं.

चंदर बोळा मागं लपवत म्हणाला, "पोट उजाळला थोडा."

नम्रतानं मग शहापूरच्या महादूला फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्त करायचं दुकान होतं त्याचं. तो म्हणाला, "वयनी, थिनर बंद करा आदी. त्याच्यानं प्लास्टिक जातं. स्पिरिट घ्या, इंजक्शनच्या आधी पुसतात ना, तेच. वायर काढून ठेवा, फडकं नुसतं ओलं करा, ओतू नका आत. नि दम धरा. रबर भिजलं की गोळा होऊन येतं."

सोपं वाटलं ना? दुसऱ्या दिवशी दोघी खर्डीच्या औषधाच्या दुकानात गेल्या. मी नम्रताच्या पिशवीत. दुकानदारानं एक छोटी बाटली दिली. नम्रता म्हणाली, "एवढीशी नको. पाच माउस आहेत, चार कीबोर्डांच्या मनगटाखालच्या रबरी पट्ट्याही चिकट झाल्यात. मोठ्या बाटल्या द्या."

दुकानदारानं ताराबाईकडे बघितलं. "मावशी, तुमीच येऊन दम दिल्ता ना मला? वाघळपाड्याच्या मानसाला स्पिरिट देशील तं दुकानापुढं बायका बसवीन, पानी घालून पितात बोलल्या. मी देवापुढं हात ठेवलाय तुमच्यासमोर."

"मी पिनार हाय का?"

"तुमी नाय पिनार. पन तुमचा नेम तुमालाच कसा मोडून देऊ?"

ताराबाईनं ती छोटी बाटलीच उचलली आणि पैसे टेकवले. माणूस बरोबर बोलत होता, आणि ते तिच्याच तोंडचं होतं.

ती छोटी बाटली एका माउसला पुरली. पण काय पुरली! काळा चिखल गोळा होऊन फडक्यावर आला आणि खालून स्वच्छ राखाडी पाठ निघाली. नम्रतानं गालाला लावून बघितली. "आई, अजिबात चिकट नाही." मग रिकाम्या बाटलीकडे बघून म्हणाली, "असलंच काहीतरी कडक पाहिजे. नुसता उडून जाणारा अर्क."

दोघींच्या मनात एकच नाव आलं असणार, कारण नम्रता लगेच म्हणाली, "नको. तुम्ही त्याच्याकडे नका जाऊ. मी जाते."

"तू कशाला जाशील?" ताराबाई म्हणाली. "भट्टी मी फोडली. जायाचं तं मीच."

तिनं मला रुमालात बांधलं. राघोचा माल खरा की पाणी घातलेला, ते तिथल्या तिथं बघायला एक चिकट माणूस बरोबर हवा होता ना.

ओढ्यापलीकडं राघो मोहाची फुलं वाळत घालत होता. ताराबाईला बघून तो उठला आणि आधी आपलं मडकं उचलून मागं लपवलं.

"फोडायला नाय आलं रे," ताराबाई म्हणाली. "पयल्या धारेची एक बाटली पायजे."

राघोनं कान पुढं केला. "काय पायजे बोललीस?"

"ऐकलंस तू."

"ऐकलं. पन परत ऐकायला ग्वाड लागतंय."

तिनं रुमाल सोडला आणि सगळं सांगितलं. टेम्पो, चीक, सोमवार, गंगीचे हात. राघोनं बशीत थोडी धार ओतून काडी लावली. निळी ज्योत उठली आणि बशी कोरडी झाली. "पानी असतं तं मागं राह्यलं असतं," तो म्हणाला. मग फडक्याचं टोक बुडवून त्यानं माझी पाठ पुसली. एक पट्टा लख्ख निघाला. मोहाचा तो वास! सहा वर्षांच्या डांबरगोळ्या एका फटक्यात डोक्यातून गेल्या.

"बाटली देतो," राघो म्हणाला. "पैका नको. पन एक हाय. पदराखाली न्यायाची नाय. हातात धरून, उभी, गावातनं न्यायाची. माजी भट्टी तू दिवसाढवल्या फोडलीस, हीबी दिवसाढवल्या जाऊ दे."

मला वाटलं, आता ही त्याच्या डोक्यातच घालते बाटली. ताराबाईनं हात पुढं केला.

"आन," ती म्हणाली. "पन भट्टी परत दिसली तं फोडनार. ह्याच्यात ती माफी नाय."

"ते मी मागितलंच नाय."

तर ताराबाई निघाली. एका हातात मी, दुसऱ्या हातात राघोची काचेची बाटली, नाकासमोर उभी धरलेली. डोक्यावर ऊन. ओढा ओलांडला, शाळा ओलांडली, देवळाच्या पारावर माणसं बसली होती ती उठून उभी राहिली. चांगो म्हणून एक होता, त्याची बाटली तिनं भर पारावर फोडली होती. तो म्हणाला, "ताराबाय, कुनासाठी गो?"

ताराबाई थांबली. बाटली आणखी वर धरली. "चार पावने हायत घरी. बिगारदाताचे. प्याले की साफ व्हतात. तू प्याला का व्हतास कदी?"

पार हसला. चांगोही हसला, दुसरं करणार काय. आणि ताराबाई अशी चालली की मी तिच्या हातात नसतो तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या, हात असते तर. नेम मोडला नव्हता तिनं. नेमाला खांद्यावर घेऊन चालली होती.

पडवीत सगळ्या बायका जमल्या. दारंखिडक्या उघड्या टाकल्या, चुलीतला विस्तव विझवला. फडकी ओली करायची, पाठीवर टाकून ठेवायची, मग गोल गोल घासायचं. काळं रबर वळ्या होऊन निघायला लागलं. फटीत खराट्याच्या हिराची काडी. शेवटी राखेचा हलका हात आणि कोरडं फडकं. वास असा की एक म्हातारी म्हणाली, "मी नुसती बसलंय तरी मना हलाया लागलंय."

चंदर दारातून म्हणाला, "उरली तं सांभालून ठेवायला मी हाय."

"ठेवशील," नम्रता म्हणाली, "पोटात."

माझी पाळी शेवटी आली. कातडी निघताना दुखलं का, असं विचाराल तर नाही. ती माझी नव्हतीच, वरून फवारलेली होती. खालून जो निघाला तो मी. साधा, राखाडी, पोटावर थिनरचा पांढरा डाग. नम्रतानं मला जोडलं. पोटाखाली लाल दिवा लागला. कारखान्यात तपासलं होतं त्यानंतर पहिल्यांदा.

सोमवारी टेम्पो आला. पुढं कमळाकर सर. त्यांनी एकेक माउस उचलला. एकही तळव्याला चिकटला नाही. कीबोर्डाच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं, बोट बघितलं. मग नाक ओढलं.

"कसला वास आहे?"

"स्वच्छतेचा," ताराबाई म्हणाली.

त्यांनी टेम्पोवाल्याला हातानं खूण केली, जा म्हणून. रिकामा टेम्पो वळला तेव्हा बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. पण सर जाईनात. खुर्चीत बसले, उठले, परत बसले. मग खांद्याच्या पिशवीतून त्यांनी आपला स्वतःचा लॅपटॉप काढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला. वर्तमानपत्र झाकणाला चिकटलं होतं, अख्खी बातमी उलटी उमटली होती त्यावर.

"ताराबाई," ते हळू म्हणाले, "तुमच्याकडचं ते काही उरलंय का?"

ताराबाई हसली नाही. तिला हसू किती येत होतं ते मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं. "उरलाय," ती म्हणाली. "पन साफ करायला गंगीच लागंल. चित्राचा हात हाय तिचा, कडंकडंनं बारीक पुसंल. तिचे हात चालतील ना तुमाला?"

गंगीला निरोप आधीच गेला होता. ती पायरीशी उभी होती, बिब्ब्याची टोपली कडेवर.

सर उठले. चिकट लॅपटॉप दोन्ही हातांत, तो खाली ठेवायलाही येईना. "गंगीताई," ते म्हणाले, "मी त्या दिवशी तुमच्या हातांकडे बघून बोललो. ते चुकीचं होतं. घाण तुमच्या हातांची नव्हती. कुणाच्याच हातांची नव्हती."

गंगीनं टोपली खाली ठेवली. "बरा," ती म्हणाली. बाटलीतली धार फडक्यावर घेतली, झाकणावर ठेवली आणि थांबली. "पन सायेब, वास येल हां. तुमच्या कल्यानच्या हापिसात बोलतील, सर झिंगून आले."

तेव्हा मात्र पडवी हसली. सरसुद्धा हसले, आणि गंगीची काळी बोटं फिरताना लॅपटॉपचं झाकण उजळत गेलं ते शेवटपर्यंत बघत बसले. उरलेली धार ताराबाईनं सगळ्यांसमोर उकिरड्यावर ओतली. चंदरनं तोंड फिरवलं.

आज मी गंगीच्या टेबलावर आहे. आधीच्या माउसचं बटण दाबून दाबून गेलं, म्हणून पाळी माझी. ताराबाईनं स्वतः मला तिथं ठेवलं आणि पेटीला आता कुलूप नसतं. कपबशांचा सेटही निघाला, त्यातल्या दोन फुटल्या, आणि कुणी मेलं नाही. माझ्यावरची कंपनीची अक्षरं तर रबराबरोबरच गेली, आणि डाव्या बटणावर गंगीच्या बोटाची खळी पडत चालली आहे. मला विचाराल तर एवढं देखणेपण मला मखमलीतही नव्हतं.

तुमच्या घरी पेटीत, कपाटात, माळ्यावर माझा कुणी भाऊबंद झाकून ठेवला असेल. आज उघडा. चिकट झाला असेल तर घरातल्या बाईच्या हाताकडे बघू नका, त्याच्या कातडीकडे बघा. ती सोलून काढा आणि त्याला कामाला लावा. एवढंच मागणं आहे, आणि ते मी हात जोडून करत नाही, हक्कानं करतो.

आता पुरे. लाइट आलेत, बायका पायरीवर चपला काढतायत, आणि गंगीला आज करवंदीच्या जाळीत एक पक्षी बसवायचा आहे. तो कुठल्या फांदीवर बसणार ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. हात ठेवला की कळेलच.